शनिवारच्या आत भरायचं पान : इंग्लिश लीगच्या निकालांचा अंदाज कसा बांधायचा

५ मार्च २०२३, रविवार. अॅनफिल्डवर लिव्हरपूलनं मँचेस्टर युनायटेडला ७-० असं धुतलं. पुढच्याच शनिवारी लिव्हरपूलचा सामना बोर्नमथच्या मैदानावर होता. बोर्नमथ तेव्हा गुणतक्त्यात तळाशी, खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याच्या पट्ट्यात. त्यात त्याच मोसमात, ऑगस्टमध्ये, लिव्हरपूलनं त्यांना ९-० असं हरवलेलं. आमच्या अंदाजांच्या गटात आम्ही आठ जण. आठही जणांनी लिव्हरपूल लिहिलं, मी तर ०-४ लिहिलं. सामना बोर्नमथनं १-० असा जिंकला. फिलिप बिलिंगनं पहिल्या हाफमध्ये गोल केला आणि दुसऱ्या हाफमध्ये मोहम्मद सालाहची पेनल्टी खांबाच्या बाहेरून गेली.

त्या रात्री मी लिव्हरपूलच्या तोवरच्या २५ सामन्यांचे निकाल काढून वहीत दोन रकान्यांत लिहिले. घरी १३ सामने, ९ विजय. बाहेर १२ सामने, फक्त ३ विजय, ३ बरोबरी आणि ६ पराभव. नॉटिंगहॅम फॉरेस्ट, ब्रेंटफर्ड, ब्रायटन, वुल्व्ज, सगळ्यांकडे जाऊन ते हरून आले होते. हे आकडे शुक्रवारीही तिथेच होते. आम्ही पाहिले नव्हते, कारण डोळ्यांसमोर ७-० नाचत होतं.

तेव्हापासून मी जी पद्धत वापरतो ती इथे मांडतो. मित्रांच्या किंवा ऑफिसच्या गटात नुकतेच अंदाज लिहू लागलेल्यांसाठी हा लेख आहे. फुटबॉल वर्षानुवर्षं पाहिलेलं नसलं तरी चालेल. बेरीज-गुणाकार येत असेल आणि आठवड्याला तासभर वेळ असेल तर पुरे.

आधी वेळापत्रक

प्रीमिअर लीगमध्ये २० संघ असतात. प्रत्येकाचे ३८ सामने होतात, म्हणजे नेहमीच्या शनिवार-रविवारी १० निकाल ओळखायचे. खालच्या तीन पायऱ्यांवर, म्हणजे चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टूमध्ये, प्रत्येकी २४ संघ आहेत. नवख्यांनी पहिलं वर्षभर प्रीमिअर लीगलाच धरून राहावं. चॅम्पियनशिपमध्ये ४६ सामन्यांचा मोसम असतो, मंगळवार-शनिवार असं दामटून खेळवतात आणि संघांची ताकद इतकी जवळजवळ असते की अंदाज बांधणं फार अवघड जातं.

वेळेचा घोळ टाळा. इंग्लंडमधले दुपारचे ३ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ. त्यांची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात, त्या मधल्या काळात तेच ३ म्हणजे आपले साडेसात. शनिवारचा पहिला सामना त्यांच्या साडेबाराला असला तर आपल्याकडे संध्याकाळचे पाच किंवा सहा. शुक्रवार रात्रीचा सामना असेल तर आपल्याकडे तारीखच बदलते. म्हणून पान शुक्रवारी संध्याकाळी भरायला घ्या.

कोऱ्या पानावर ४५-२५-३०

कुठल्याही सामन्याकडे पाहण्याआधी एक पाया हवा. प्रीमिअर लीगमध्ये साधारणपणे १०० सामन्यांत ४५ यजमान जिंकतात, २५ बरोबरीत सुटतात आणि ३० पाहुणे जिंकतात. वर्षागणिक दोन-चार अंकांचा फरक पडतो. मी प्रत्येक सामन्यापुढे आधी पेन्सिलीनं ४५-२५-३० लिहितो आणि मग खोडून बदलतो. बदलायला कारण सापडलं नाही, तर तेच ठेवतो.

घरच्या मैदानाचा हा फायदा येतो कुठून? प्रवास, ओळखीचं गवत, आणि सगळ्यात जास्त गर्दी. २०२०-२१ चा मोसम करोनामुळे जवळजवळ पूर्ण रिकाम्या स्टेडियममध्ये झाला आणि इंग्लंडच्या सर्वोच्च लीगच्या इतिहासात पहिल्यांदाच पाहुण्यांचे विजय यजमानांपेक्षा जास्त झाले. प्रेक्षक परतले तसा फायदाही परतला.

दोन रकाने, आणि पाच सामन्यांचं भूत

गुणतक्ता एकत्र वाचू नका, घर आणि बाहेर असा फोडून वाचा. लीगच्या संकेतस्थळावर ते दोन्ही तक्ते तयार मिळतात. लिव्हरपूलचं उदाहरण वर दिलंच आहे. एकत्र तक्त्यात तो ४२ गुणांचा, वरच्या फळीतला संघ दिसत होता, आणि बाहेरच्या तक्त्यात १२ सामन्यांत १२ गुण मिळवणारा.

नवखी माणसं सगळ्यात जास्त फसतात ती शेवटच्या पाच सामन्यांवर. टीव्हीवर प्रत्येक संघाच्या नावापुढे पाच हिरवे-लाल ठिपके दाखवतात आणि आपण त्यांनाच फॉर्म समजतो. त्या पाचांत तीन सामने तळातल्या संघांशी झाले असतील तर हिरवे ठिपके फार काही सांगत नाहीत. मी कमीत कमी १५ सामने पाहतो, आणि समोर कोण होतं तेही.

एका निकालानं हुरळून जाऊ नये याचा सगळ्यात मोठा दाखला १९६३ च्या नाताळातला आहे. २६ डिसेंबर १९६३ ला इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, १० सामन्यांत ६६ गोल झाले. फुलहॅमनं इप्सविचला १०-१ हरवलं, ब्लॅकबर्ननं वेस्ट हॅमच्या घरी जाऊन ८-२, आणि बर्नलीनं मँचेस्टर युनायटेडला ६-१. दोनच दिवसांनी, २८ तारखेला, याच जोड्या उलट मैदानांवर खेळल्या. इप्सविचनं फुलहॅमला ४-२ हरवलं, वेस्ट हॅम ब्लॅकबर्नला जाऊन ३-१ जिंकलं आणि युनायटेडनं बर्नलीला ५-१ असं परत केलं. २७ तारखेला बसून अंदाज लिहिणाऱ्या माणसाचा मी अनेकदा विचार करतो. त्याच्याकडे ताजी माहिती भरपूर होती आणि ती सगळी त्याला चुकीच्या बाजूला ओढत होती.

गोल मोजा, पण संधीही मोजा

हल्ली सामन्याखाली एक्सजी म्हणून आकडा येतो, म्हणजे अपेक्षित गोल. प्रत्येक फटका जिथून आणि जसा मारला, तशा फटक्यांतून पूर्वी किती वेळा गोल झाले त्यावरून त्याला शून्य ते एकच्या मधली किंमत देतात. पेनल्टीची किंमत पाऊणच्या थोडी वर, तीस यार्डांवरून मारलेल्या फटक्याची अगदी नगण्य. सगळ्या फटक्यांची बेरीज म्हणजे त्या संघाचा एक्सजी.

याचा उपयोग एवढाच : संघ २-० जिंकला पण एक्सजी ०.६ विरुद्ध १.९ असेल, तर तो विजय नशिबाच्या जोरावर आला होता. एका सामन्यात याला अर्थ कमी. दहा-बारा सामने हीच तऱ्हा चालू असेल तर त्या संघाचे निकाल लवकरच उतरणीला लागतील असं धरून चाला. मॅनेजर बदलल्यावर संघ अचानक जिंकायला लागतो, त्यातलाही बराच भाग हाच असतो. मॅनेजरला काढतात तेच नशीब सर्वांत फिरलेलं असताना, आणि ते पुढे सावरतंच.

गुरुवार-शुक्रवारच्या बातम्या

सामन्याआधी एक-दोन दिवस दोन्ही मॅनेजर पत्रकारांशी बोलतात. कोण जखमी, कोणाचं निलंबन, कोण सरावाला परतला, हे तिथे कळतं. नवखा माणूस गोल करणाऱ्याच्या दुखापतीनं घाबरतो. मधल्या फळीतला, चेंडू हिसकावून पुढे देणारा खेळाडू गेला तर पुष्कळदा त्याहून जास्त नुकसान होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यात मँचेस्टर सिटीच्या रॉड्रीचा गुडघा गेला. गोल करणारा हालांड होता, गोल होत होते, म्हणून पहिले काही आठवडे कोणाला फारसं जाणवलं नाही. मग बोर्नमथ, ब्रायटन, टॉटनहॅम, लिव्हरपूल असे लीगचे सलग चार सामने सिटी हरली, त्यातला टॉटनहॅमकडून घरच्या मैदानावर ०-४. आदल्या चारही वर्षी विजेता असलेला संघ!

दुसरा प्रश्न विचारायचा तो असा, की या संघाला हा सामना खरंच हवा आहे का? २०२४-२५ च्या शेवटाला टॉटनहॅम आणि मँचेस्टर युनायटेड दोघांचंही लक्ष युरोपा लीगवर, म्हणजे युरोपभरच्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेवर, होतं. लीगमध्ये टॉटनहॅम १७ वं आलं, युनायटेड १५ वं, आणि मे महिन्यात बिलबाओत तेच दोघे अंतिम सामना खेळले. टॉटनहॅम १-० नं जिंकलं. त्या वसंतात लीगच्या पानावर या दोघांचं नुसतं नाव बघून टक्के देणारा दर आठवड्याला फसला असणार. बोर्नमथच्या त्या सामन्यानंतर चारच दिवसांनी लिव्हरपूललाही माद्रिदला जायचं होतं, युरोपातल्या दोन सामन्यांच्या लढतीसाठी, रिअलविरुद्ध, पहिल्या सामन्यातली तीन गोलांची पिछाडी घेऊन.

शेजारच्या संघांमधल्या लढतींना वेगळा हात लावा. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना ज्यानं पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. एव्हर्टन-लिव्हरपूल असो की आर्सेनल-टॉटनहॅम, अशा सामन्यात मी ताकदवान संघाचे टक्के थोडे कमी करतो आणि ते बरोबरीकडे सरकवतो.

शेवटची नोंद सामन्याआधी सुमारे सव्वा तास, अंतिम अकरा जाहीर होतात तेव्हा. गटाच्या नियमात तोवर बदल करता येत असेल तर जरूर करा.

आता गुणाकार

इथे थोडा वेळ थांबू, कारण खरी गंमत इथेच आहे. एक काल्पनिक सामना घ्या. यजमानांनी घरच्या १६ सामन्यांत २८ गोल केले, म्हणजे सामन्याला १.७५. पाहुण्यांनी बाहेरच्या १६ सामन्यांत २४ गोल खाल्ले, म्हणजे १.५. लीगमधले सगळे यजमान मिळून सामन्याला सरासरी १.६ गोल करतात असं समजा. मग १.७५ गुणिले १.५ भागिले १.६, उत्तर १.६४. यजमानांकडून साधारण १.६ गोलांची अपेक्षा.

आता उलट बाजू. पाहुण्यांनी बाहेर १६ सामन्यांत २० गोल केले, १.२५. यजमानांनी घरी १८ खाल्ले, १.१२५. पाहुण्यांची लीगभरची सरासरी १.३ धरा. गुणाकार-भागाकार केला की १.०८, म्हणजे १.१.

दीड-पावणेदोन गोल कोणी करत नाही, एक करतो किंवा दोन. सरासरीवरून ० गोल, १ गोल, २ गोल यांची शक्यता काढायला पॉयसन वितरण वापरतात. बारावीनंतर संख्याशास्त्र घेतलेल्यांना ते आठवत असेल. बाकीच्यांनी स्प्रेडशीटमध्ये त्याच नावाचं सूत्र आहे ते वापरावं. १.६ सरासरीच्या संघासाठी आकडे येतात ते असे : एकही गोल नाही २० टक्के, एक गोल ३२, दोन गोल २६, तीन गोल १४. १.१ साठी : शून्य ३३, एक ३७, दोन २०, तीन ७.

दोन्हीकडचे आकडे एकमेकांशी गुणले की प्रत्येक स्कोअरची शक्यता मिळते. सगळ्यात वर येतो १-१, सुमारे १२ टक्के. मग १-० ला ११, २-१ ला साडेनऊ, २-० ला साडेआठ. पण सगळे स्कोअर गटवून बेरीज केली तर यजमान ४९ टक्के, बरोबरी २५, पाहुणे २६!

म्हणजे सगळ्यात संभाव्य स्कोअर बरोबरीचा, आणि तरी यजमानांचा विजय बरोबरीच्या दुप्पट संभाव्य. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी ते तीनदा मोजून पाहिलं. बरोबरी फक्त ०-०, १-१, २-२ अशा मोजक्या वाटांनी येते, आणि विजयाच्या वाटा पुष्कळ.

गटाचे गुण कसे मोजतात यावरही तुमचं उत्तर ठरतं. आमच्याकडे अचूक स्कोअरला ३ आणि नुसत्या बरोबर निकालाला १ गुण. वरच्यासारखे शंभर सामने आले आणि तुम्ही प्रत्येक वेळी १-१ लिहिलं, तर साधारण ४८ गुण मिळतील. प्रत्येक वेळी १-० लिहिलं तर ७०. म्हणून आधी निकाल पक्का करा, मग त्या निकालातला सगळ्यात संभाव्य स्कोअर लिहा. ४-१, ५-२ असे स्कोअर लिहिण्याचा मोह होतो. पानभर अंदाजांमध्ये तसा एकही नसला तरी काही बिघडत नाही.

बरोबरीशी झटापट

बरोबरी ओळखणं हे या छंदातलं सगळ्यात अवघड काम. इंग्लंडमध्ये पिढ्यान् पिढ्या लोक त्यावर डोकं लढवत आले. लिटलवुड्स ही कंपनी १९२३ मध्ये सुरू झाली आणि फुटबॉल पूल्सचं, म्हणजे निकालांवर थोडे पैसे लावून अंदाज भरायचं, कूपन घरोघरी पोचलं. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या प्रकारात यादीतल्या बरोबरी ओळखायच्या असत. १९६३ च्या जानेवारीत बर्फानं मैदानं आठवडेच्या आठवडे गोठली, सामने होईनात, तेव्हा टॉम फिनी आणि टॉमी लॉटनसारख्या माजी खेळाडूंची समिती लंडनमध्ये बंद दाराआड बसून कूपनांसाठी न झालेल्या सामन्यांचे निकाल ठरवू लागली. आणि १९७४ पासून जवळपास चार दशकं बीबीसी रेडिओवर जेम्स अलेक्झांडर गॉर्डन निकाल वाचत. दुसऱ्या संघाचं नाव ते ज्या सुरात उच्चारत, त्यावरून आकडा येण्याआधीच ऐकणाऱ्याला विजय, पराभव की बरोबरी ते समजे. कूपन हातात घेऊन बसलेल्या माणसाचा श्वास त्या सुरावर अडकलेला असे.

गणित सांगतं ते एवढंच : दोन्ही संघ तुल्यबळ आणि दोघेही गोल करायला कंजूष, म्हणजे दोघांची अपेक्षा एकेका गोलाचीच असेल, तर बरोबरीची शक्यता ३१ टक्क्यांपर्यंत चढते. एक संघ २.५ आणि दुसरा ०.७ असेल तर ती १५ वर येते. यातला पहिला आकडा लक्षात ठेवा. बरोबरीसाठी इतका अनुकूल सामना असूनही तीनपैकी दोन वेळा तो कोणी तरी जिंकतोच. दहा सामन्यांच्या पानावर मी बरोबरी दोनच ठिकाणी लिहितो, आणि तीही मोसमाच्या उत्तरार्धात, गुणतक्त्याच्या मध्यावरच्या दोन सावध संघांमध्ये.

नव्यानं वर आलेले संघ

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आकडे हाताशी नसतात, तेव्हा मागच्या मोसमाचे वापरावे लागतात. चॅम्पियनशिपमधून वर आलेल्या तीन संघांचं काय करायचं? २०२३-२४ मध्ये बर्नली, शेफील्ड युनायटेड आणि ल्यूटन, तिघेही एका वर्षात परत खाली गेले. २०२४-२५ मध्ये लेस्टर, इप्सविच आणि साउदॅम्प्टन, पुन्हा तिघेही. मग आमच्या गटात सगळ्यांनी नियमच करून टाकला की वर आलेला संघ हरणार. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्याच सामन्यात संडरलंडनं वेस्ट हॅमला ३-० हरवलं. पहिल्या दहा सामन्यांपर्यंत अशा संघांना मी तळातल्या पाच संघांइतकं मानतो, त्याहून कमी लेखत नाही.

पैशाचं बोलायचं तर लावू नका. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत तेच राहील. वरचं सगळं गणित नीट केलंत तरी दहापैकी पाच-सहा निकाल बरोबर येतील, आणि ते चांगलं पान समजायचं. पैसा आला की चार चुकांची भरपाई पुढच्या शनिवारी करायची घाई सुटते आणि फुटबॉल पाहणं मागे पडतं. आमच्या गटात मोसमाच्या शेवटी तळाचे दोघे बाकीच्यांना मिसळ खाऊ घालतात.

सोमवारची वही

शेवटचं काम सगळे टाळतात. सोमवारी निकालांपुढे फक्त बरोबर-चूक अशा खुणा करू नका. तुम्ही निवडलेल्या निकालाला किती टक्के दिले होते तेही लिहा, आणि ५०, ६०, ७० असे रकाने करून त्या-त्या रकान्यात खूण करा. तीन-चार महिन्यांत प्रत्येक रकान्यात वीस-पंचवीस खुणा जमतात. ५० च्या रकान्यात निम्मे बरोबर निघाले पाहिजेत, ७० च्या रकान्यात दहापैकी सात. सातऐवजी नऊ निघत असतील तर तुम्ही फार घाबरून लिहिता आहात, पाच निघत असतील तर फार खात्रीनं.

बोर्नमथ-लिव्हरपूल सामन्यापुढे मी आज काय लिहिलं असतं ते वहीत नंतर नोंदवून ठेवलं आहे : लिव्हरपूल ५०, बरोबरी २५, बोर्नमथ २५. निवड तरीही लिव्हरपूलच, स्कोअर ०-१. गुण मिळाला नसताच. माझ्या वहीत ७० च्या रकान्यात अजून दहापैकी सहाच खुणा बरोबर येतात आणि चुकलेल्यांत बहुतेक मोठे संघ बाहेरगावी खेळत असतात, म्हणून या मोसमात तसा सामना आला की मी लिहिलेले टक्के एकदा खोडतो आणि पाचानं खाली आणतो.